गच्चीवरच्या भाज्यांसाठी कुंडी किती लिटरची घ्यावी

नर्सरीत गेल्यावर ‘१२ इंची द्या’ असं म्हणून तीन वेगळ्या वस्तू घरी येऊ शकतात आणि तिन्हींमध्ये मावणारी माती वेगवेगळी असते. १२ इंची प्लास्टिकची कुंडी वर रुंद, खाली निमुळती असते. वरचा व्यास साधारण २९ सेंटिमीटर, बुडाचा २०, उंची २६. तिच्यात काठोकाठ सव्वाबारा लिटर मावतं आणि पाणी घालायला वर साडेतीन सेंटिमीटर मोकळे सोडले की माती उरते जेमतेम १० लिटर. १२ बाय १२ ची उभी, गोल ग्रो बॅग सरळ नळकांड्यासारखी असते, तिच्यात २२ लिटर मावतं. आणि नर्सरीवाल्याकडची काळी पॉलिथिन पिशवी १२ बाय १२ ची असेल, तर तो १२ हा आकडा पिशवी सपाट पसरून मोजलेल्या रुंदीचा असतो. ती भरून गोल झाली की व्यास उरतो साडेसात इंच आणि माती मावते आठेक लिटर. म्हणजे एकाच आकड्याखाली ८, १० आणि २२ लिटर. टोमॅटोच्या रोपासाठी हा फरक पीक हाती लागणं आणि न लागणं यांतला असतो.

म्हणून इंच विसरा आणि लिटर काढा. गणित सोपं आहे. वरचा आणि बुडाचा व्यास सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांची सरासरी घ्या. त्या सरासरीला तिनेच गुणा, मग मातीच्या उंचीने गुणा, मग ०.७८५ ने, आणि शेवटी १००० ने भागा. येतात ते लिटर. सपाट मोजलेल्या पिशवीसाठी रुंदीला ०.६४ ने गुणलं की भरल्यानंतरचा व्यास मिळतो. गणिताचा कंटाळा असेल तर एक लिटरचा मग घ्या, कोरडं माती-खताचं मिश्रण मगाने मोजत कुंडी भरा आणि तो आकडा कुंडीच्या बाहेर मार्करने लिहून ठेवा. खत किती घालायचं, पाणी किती, वजन किती, हे सगळं पुढे त्याच आकड्यावरून ठरतं.

आकार नेमकं काय ठरवतो

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आहे आणि हवाही आहे अशी अवस्था, ती कुंडीत किती तास टिकेल हे आकारावरून ठरतं. मुळांना फक्त जागा हवी म्हणून मोठी कुंडी घ्यायची, हा समज अर्धाच खरा आहे. शेतात मूळ ओल शोधत खाली जातं. कुंडीत खाली जायला जागाच नाही, त्यामुळे दोन पाण्यांच्या मधला काळ त्या झाडाने तेवढ्याच मातीवर काढायचा असतो.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि कंपोस्ट यांच्या चांगल्या मिश्रणातून झाडाला प्रत्यक्ष ओढून घेता येतं असं पाणी साधारण पाचवा हिस्सा धरा. १० लिटर मिश्रणात दोन लिटर, २० लिटरमध्ये चार. फळांनी लगडलेलं टोमॅटोचं झाड एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला दोन लिटर किंवा त्याहून जास्त पाणी पितं. सकाळी सातला पाणी घातलेली १० लिटरची कुंडी दुपारपर्यंत सुकते, झाड माना टाकतं. संध्याकाळी पाणी मिळताच ते उभं राहतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. ठीक नसतं. रोजच्या या ओढाताणीत फुलं गळतात, आणि धरलेल्या फळांचं बूड काळं, चामड्यासारखं होतं. बूड काळं पडणं हा रोग नाही. कॅल्शिअम पाण्याबरोबर फळापर्यंत पोचतं, आणि पाणी तुटक मिळालं की फळाचं टोक उपाशी राहतं. लोक मग अंड्याची टरफलं कुटून घालतात. मातीत कॅल्शिअम बहुधा असतंच, कमी पडलेली असते ती कुंडी.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. चार पानांचं रोप २० लिटरच्या भरगच्च ओल्या मातीत लावलं तर त्याची मुळं जेमतेम मूठभर मातीतलं पाणी ओढतात. बाकीची माती आठवडाभर ओली राहते, हवा कोंडते, मूळ तपकिरी होऊन सडतं आणि वर पानं पिवळी पडतात. पिवळं पान बघून माणूस आणखी पाणी घालतो. मोठ्या कुंडीतली बरीच रोपं अशी जातात, विशेषतः जुलैत.

लिटर पुरेसे असले तरी खोली वेगळी बघावी लागते. पाणी घालून निथळलेल्या कुंडीच्या तळाशी मातीचा एक थर चिंब राहतोच, छिद्रं कितीही असोत. या थराची जाडी कुंडीच्या उंचीवर नाही, मातीच्या पोतावर ठरते. मिश्रण जितकं बारीक, तितका थर जाड. समजा तो चार सेंटिमीटर आहे. १२ सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये तो एक तृतीयांश माती खातो, ३० सेंटिमीटरच्या बॅगेत सातवा हिस्सासुद्धा नाही. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. निथळायचा थांबला की तोच उभा करा, त्यातून आणखी पाणी गळेल. याच कारणासाठी तळाशी तीन इंच खडी किंवा विटांचे तुकडे भरण्याची जुनी पद्धत उपयोगाची नाही. चिंब थर खडीच्या वर सरकून बसतो, मुळांच्या आणखी जवळ, आणि तीन इंच माती वाया जाते. छिद्रावर एक खापरी पालथी ठेवा किंवा नारळाच्या काथ्याची चकती, बस.

कोणत्या भाजीला किती

इथे दिलेले आकडे प्रत्यक्ष मातीचे आहेत, काठोकाठ मापाचे नाहीत, आणि दिवसातून एकदाच पाणी घालायचं असं धरून आहेत.

मेथी, कोथिंबीर, शेपू यांना लिटरचा विचार फारसा नको, १५ सेंटिमीटर खोली आणि पसरट जागा हवी. भाजीचा प्लास्टिक क्रेट आतून शेडनेट लावून वापरला तर उत्तम. मासळी बाजारातले थर्मोकोलचे खोकेही फार चांगले, उन्हात आतली माती तापत नाही. पालक, माठ, आंबट चुका यांना २० सेंटिमीटर द्या, कारण ते पुन्हापुन्हा खुडायचे असतात. मुळा आणि गाजर यांना ३० सेंटिमीटरच्या खाली बसवू नका आणि मातीत खडे ठेवू नका, मूळ फाटतं.

मिरचीला एका झाडाला १० ते १२ लिटर. मिरची चिवट आहे, आठ लिटरमध्येही फळं देते, पण झाड वर्ष-दीड वर्ष टिकवायचं असेल तर १५ द्या. वांग्याला १८ ते २० लिटर. वांग्याची पानं रुंद, उन्हात पाणी झपाट्याने उडतं, त्यामुळे मिरचीच्या मापात वांगं लावलं की ते दुपारी हमखास झोपतं.

टोमॅटोचं बियाणं घेतानाच पाकिटावर बघा, झुडपी वाण आहे की उंच वाढत जाणारा. झुडपी वाण १५ लिटरमध्ये होतो. उंच वाढणारा, ज्याला सुतळीने वर बांधावं लागतं, त्याला २० ते २५ हवेत. चेरी टोमॅटोचं फळ लहान म्हणून लोक लहान कुंडी घेतात, पण त्याचे बहुतेक वाण सहा-सात फूट चढतात. फळाच्या आकारावर जाऊ नका, झाडाच्या पानोऱ्यावर जा.

भेंडीला सोटमूळ असतं, उपटून लावलेली तिला सोसत नाही. बी थेट शेवटच्या कुंडीत टोचा. ३० सेंटिमीटर खोली, झाडामागे १० लिटर. २२ लिटरच्या ग्रो बॅगेत दोन झाडं, तीन नाहीत. दोन-चार भेंड्यांनी भाजी होत नाही, तेव्हा अशा तीन-चार बॅगा तरी लावाव्या लागतात. जागा तेवढी नसेल तर भेंडीऐवजी गवार किंवा झुडपी घेवडा लावा, १० लिटरमध्ये दोन झाडं राहतात.

काकडी, कारलं, दोडका यांना वेलामागे २५ लिटर. दुधी आणि लाल भोपळ्याला ४० ते ५०. दुधीचा वेल लहान कुंडीत मरत नाही, लांबच लांब वाढतो, नर फुलं भरपूर देतो आणि बोटभर दुध्या पिवळ्या होऊन गळून पडतात. परागीकरण झालं नाही असं समजून लोक हाताने फुलं जुळवत बसतात. ते करावंच, पण १५ लिटरच्या बादलीतला वेल एका वेळी दोन-तीन दुध्यांपेक्षा जास्त पोसू शकत नाही.

आलं आणि हळद खाली नव्हे, आडवी पसरतात. त्यांना १८ इंच व्यासाची, ९ इंच उंचीची बॅग द्या, तीत काठ सोडून ३० लिटर माती राहते. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला आल्याचे डोळे असलेले २५-३० ग्रॅमचे तीन तुकडे पुरेसे. सुरुवातीला बॅग दोन तृतीयांशच भरा, गड्डे वर दिसू लागले की दोनदा भर घाला.

तुळशीला पाच ते सात लिटर. गवती चहाला १२ लिटर द्या आणि दर वर्षी ठोंब फोडून निम्मा काढा, नाहीतर पातळ प्लास्टिकची कुंडी तो अक्षरशः चिरतो.

कढीपत्ता आणि लिंबू यांच्या बाबतीत घाई करू नका. ही झाडं एकदम ड्रममध्ये लावायची नाहीत. नर्सरीच्या पिशवीतून आधी १० लिटर, मुळांनी माती धरली की ३५-४० लिटर, म्हणजे १५ बाय १५ ची बॅग. कढीपत्त्याला तिथेच थांबवता येतं. कागदी लिंबाचं गुटी कलम, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, मात्र पुढे १८ बाय १८ च्या बॅगेत, ज्यात ६५ लिटरच्या आसपास माती राहते, किंवा २०० लिटरच्या अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये न्या. ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. कीटकनाशक, रसायन किंवा ऑइलचा ड्रम धुऊनही घेऊ नये.

तुमच्या गावचं हवामान

वरचे आकडे पुणे-नाशिकच्या हवेत जसेच्या तसे चालतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तिथे फळभाज्यांना दीडपट लिटर द्या. काळी कुंडी नको. दुपारच्या पश्चिमेच्या उन्हात तिची भिंत हात लावू देत नाही आणि त्या बाजूची मुळं भाजून निघतात. पांढरी बॅग घ्या, नाहीतर कुंडीला बाहेरून चुना लावा किंवा गोणपाट गुंडाळा. लहान कुंड्या पूर्व बाजूला, मोठ्या पश्चिमेला ठेवल्या की मोठ्यांची सावली लहानांवर पडते.

मातीची कुंडी भिंतीतून पाणी सोडते, म्हणून थंड राहते पण लवकर सुकते. त्याच पिकाला प्लास्टिकपेक्षा एक माप मोठी घ्यावी लागते. न विणलेल्या कापडाच्या, श्वास घेणाऱ्या पिशव्यांचंही तसंच. त्यांत मुळांची टोकं भिंतीपाशी हवेने सुकतात, गोल गुंडाळत नाहीत, आतून नवीन फाटे फुटतात, हा मोठा गुण. पण विदर्भाच्या उन्हाळ्यात त्या दिवसातून दोनदा पाणी मागतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात मात्र त्या नंबर एक. बाजारातली चकचकीत हिरवी ग्रो बॅग वेगळी, ती प्लास्टिकच आहे, श्वास घेत नाही.

पावसाचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. ३० सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सात लिटर पाणी ओतल्यासारखं होतं. कोकणात असे दिवस पावसाळ्यात अनेकदा येतात. २४ इंच तोंडाच्या, ९ इंच उंचीच्या पसरट बॅगेवर तेच पाणी २९ लिटर होतं. म्हणून कोकणात पावसाळी भाजीला तोंड अरुंद आणि खोली जास्त असलेलं भांडं निवडा, मिश्रणात जाड वाळू किंवा भाताचं तूस पाचवा हिस्सा घाला आणि तबकं जूनमध्येच काढून ठेवा.

काळी माती ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती कुंडीत पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नये. ती ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते. सुकली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून आरपार निघून जातं, मधला गोळा कोरडाच. अशा वेळी २० लिटरची कुंडी प्रत्यक्षात पाच लिटरसारखी वागते.

गच्चीला झेपेल का

मोठं भांडं म्हणजे वजन. साधी बागेची माती ओली झाल्यावर लिटरला १.८ किलोपर्यंत भरते, कोकोपीट-कंपोस्टवर आधारलेलं मिश्रण साधारण १.१ किलो. म्हणजे तीच १८ लिटर माती असलेली बॅग एकीकडे ३२ किलो, दुसरीकडे २० किलो. भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे वापरातल्या सपाट गच्चीसाठी चल भार, म्हणजे स्लॅबच्या स्वतःच्या वजनाशिवाय वर येणारं माणसांचं-सामानाचं वजन, चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरतात. जिथे जाण्याची सोयच नाही अशा छतासाठी निम्माच. १२ बाय १२ च्या बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर चौरस मीटरमध्ये नऊ बसतात, हलक्या मिश्रणानेही १८० किलो. चार-पाच ठेवा, मध्ये चालायला आणि वारा खेळायला जागा सोडा. एका चौरस मीटरवर ३० सेंटिमीटर बागेची माती थेट पसरली तर ५४० किलो होतात, असा वाफा गच्चीवर नको. ड्रम आणि लिंबाच्या बॅगा कॉलमवर किंवा तुळईच्या रेषेत ठेवा, स्लॅबच्या मधोमध नाही. इमारत जुनी असेल, खालच्या घरात ओल दिसत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीला विचारा.

भरणं आणि रोप लावणं

रंगाची २० लिटरची बादली हे सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ भांडं. आतला रंग खरवडून, धुऊन घ्या. तळाला १० ते १२ मिलिमीटरची पाच-सहा छिद्रं ड्रिलने पाडा, ड्रिल नसेल तर तापवलेल्या सळईने, पण मोकळ्या हवेत, धूर अंगावर घेऊ नका. याशिवाय बाजूला तळापासून दोन सेंटिमीटर वर तीन छिद्रं पाडा. बूड गच्चीवर सपाट टेकलं की खालची छिद्रं बुजतात आणि ही बाजूची छिद्रं कामाला येतात. भांडं विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा.

मिश्रण मापाने करा. २० लिटरच्या बादलीला सात लिटर लाल माती, सात लिटर भिजवलेलं कोकोपीट, सहा लिटर मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून ६० लिटरहून जास्त होते, तेव्हा नऊ बादल्यांना एक वीट धरा. भिजवलेल्या पाण्यात क्षार उतरतात, ते पहिलं पाणी फेकून पुन्हा एकदा धुवा. मिश्रण हाताने दाबू नका, बादली दोनदा जमिनीवर आपटा. पाणी घातल्यावर ते दहा टक्क्यांनी बसतं, त्या जागी भर घाला, आणि शेवटी काठापासून चार सेंटिमीटर खाली थांबा. या चार सेंटिमीटरच्या आळ्यात पाणी थांबून हळूहळू मुरतं. काठोकाठ भरलेल्या कुंडीत पाणी वरच्या वर सांडतं आणि आपल्याला वाटतं भरपूर दिलं.

टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं ट्रेमध्ये २५ ते ३० दिवसांची, चार-पाच पानांची झाली की उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात थेट मोठ्या भांड्यात लावता येतात, फक्त पहिले दहा दिवस रोपाभोवती ओंजळभर पाणी द्या, सगळी बादली भिजवू नका. पावसाळ्यात हा संयम आपल्या हाती नसतो, पाऊस वरून घालतोच. तेव्हा रोप आधी अर्ध्या-पाऊण लिटरच्या पिशवीत आडोशाला तीन आठवडे वाढवा. पिशवी काढल्यावर मातीचा गोळा न फुटता हातात आला पाहिजे आणि पांढरी मुळं कडेने दिसली पाहिजेत. मग मोठ्या भांड्यात.

कुंडी लहान पडली हे कसं ओळखायचं

पाणी घातल्यावर क्षणात खालून बाहेर येतं, खालची पानं जुन्यापासून एकेक पिवळी पडतात, नवी पानं आकाराने लहान येतात आणि सकाळी पाणी देऊनही चार वाजता झाड लोळतं. एकच लक्षण पुरेसं नाही, नुसत्या दुपारच्या कोमेजण्याला उन्हाचंही कारण असतं. खात्रीसाठी कुंडी आडवी करून झाड बाहेर सरकवा. मुळ्या तळाशी शेवयांसारख्या गुंडाळलेल्या दिसल्या तर भांडं संपलं.

फळावर आलेल्या टोमॅटोला किंवा वांग्याला अशा वेळी उपटून दुसरीकडे लावू नका, धक्का बसून आहेत ती फुलंही जातात. त्याऐवजी कुंडीला दिवसातून दोनदा पाणी द्या, वर पाच सेंटिमीटर वाळलेल्या पानांचं आच्छादन घाला, शेंड्याची वाढ खुडा आणि पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट दुपारपुरती ओढा. किंवा प्लास्टिकची कुंडी असेल तर तिचं बूड कापून ती तशीच २० लिटर माती भरलेल्या पसरट बॅगेवर बसवा. मुळं खाली उतरतात आणि आठ-दहा दिवसांत झाड सावरतं.

लिंबू आणि कढीपत्ता बदलताना नवं भांडं चारही बाजूंनी तीन-चार बोटं मोठं असावं. गोल फिरलेल्या मुळ्या तशाच ठेवल्या तर मोठ्या भांड्यातही त्या गोलच फिरत राहतात. गोळ्याच्या बाजूने चार ठिकाणी धारदार सुरीने उभ्या चिरा द्या आणि तळाचा दोन बोटं जाडीचा गुंता कापून टाका. भांडं वाढवायला जागाच नसेल तर दर दोन-तीन वर्षांनी पाऊस सुरू झाल्यावर मुळांचा पाव हिस्सा छाटा, तेवढ्याच प्रमाणात वरच्या फांद्या कमी करा आणि ताजं मिश्रण भरून झाड त्याच भांड्यात परत बसवा. नंतर आठवडाभर सावलीत.